पांढऱ्या डोळ्याची सून

आमचा शिवप्पा मेंढराच्या बाबतीत लई हुशार मानूस, ते आधीच सांगून टाकतो. न्हायतर तुमी म्हनाल, येडू आपल्याच चुलत भावाच्या मागं हात धुऊन लागलाय. लागलोयच मी, ते येगळं. पन खरं ते खरं. कळपात रोग शिरला की शिवप्पा सकाळच्या पारी मेंढरांच्या वाडग्यात जातो, एकेक मेंढरू मांडीत दाबतो आनि आंगठ्यानं त्येची खालची पापनी वडतो. आतनं लाल दिसलं की सोडून देतो. पांढरं दिसलं की ते मेंढरू कळपातनं बाजूला, हौदाजवळच्या खोपटात. असं करून त्येनं किती मेंढरं वाचवल्यात, मी डोळ्यानं बघितलंय. जनावराचा डॉक्टरबी त्येला इचारून सुई भरतो.

पन सून म्हंजी मेंढरू न्हवं, एवढं त्येला कळू नये?

आमची वस्ती चिंचोळी एमआयडीसीच्या मागं, माळावर. मूळचे आमी सांगोल्याच्या खालचे. मेंढरं घेऊन फिरत फिरत हितं टेकलो, पोरं कंपनीत लागली, मग कोन उठतंय. शिवप्पाचा पोरगा कुमार टॉवेलच्या कंपनीत हाय. मी वडाप चालवतो, मोहोळ ते सोलापूर. जीपमदी मानसं कोंबायची, आनि त्येंची दुखनी ऐकत जायाचं, हा माझा धंदा. शाळा मी लई केली न्हाय, पन ऐकून ऐकून बरंच कळतंय.

कुमारची बायकू प्रियदर्शनी. बारावी झालेली, बारीक चनीची, रंगानं जरा फिकट. तिचं नाव घ्यायला आमच्या चिमावैनीची, म्हंजी शिवप्पाच्या बायकूची, जीभ वळंना. ती सुनेला 'दर्शी' म्हनायची, आनि राग आला की 'ये बारावी'. पोरगी कामाला वाघीन. मेंढरांचं शेन काढायची, भाकरी थापायची, आनि वर हसायची.

तिला पयल्यांदा दिवस गेलं तवा सोलापूरला रक्त तपासलं. मीच नेलतं गाडीतनं. तितल्या डॉक्टरीनबाईनं कुमारलाबी बोलावून घेतलं, त्येचंबी रक्त काढलं. मग दोघांना बसवून सांगितलं. थॅलेसेमिया मायनर. हे नाव पाठ करायला मला मोहोळच्या दोन खेपा लागल्या. बाई म्हनली, हिच्या तांबड्या पेशी जन्मापासनंच बारीक आहेत, म्हणून ही फिकट दिसते. हा आजार नाही, कुणाला लागत नाही, नवऱ्याचं रक्त चांगलं आहे, बाळाची काळजी नको. मी दारात उभा राहून सगळं ऐकलं.

घरी येऊन कुमारनं काय सांगितलं? "रक्तात जरा खोट हाय म्हनली." बास. एवढंच. चिमावैनीनं 'खोट' तेवढी पदरात बांधली आनि बाकीचं सोडून दिलं. पुढं आरोही झाली, गुटगुटीत, लालबुंद पोर. तर वैनी काय म्हनती, "आमच्यावर गेलीय."

औंदा पाऊस सरताना वस्तीवर डेंगी आला. कुमारच्या कंपनीतली पोरं पटापटा आडवी झाली. आमच्या शेजारच्या मल्लेशच्या पोराला सोलापूरला न्यावं लागलं, त्येच्या पेशी उतरल्या व्हत्या. वस्तीची पाचावर धारन बसली. कोन लिंबाचा पाला जाळतंय, कोन पपईच्या पाल्याचा रस काढतंय.

तवा एक दिवस सकाळी मी शिवप्पाकडं चहाला गेलो, तर अंगनात तमाशा. शिवप्पा बाजंवर बसलेला, तोंड दुसरीकडं. सुनेच्या तोंडाला हात लावायचा न्हाय एवढी त्येला रीत हाय, म्हनून काम बायकूकडं दिलं व्हतं. चिमावैनीनं प्रियदर्शनीला उजेडाकडं तोंड करून उभं केलं आनि आंगठ्यानं तिची पापनी खाली वडली.

"कसा हाय?" शिवप्पा तिकडं बघतच इचारतो.

"पांढरा. कापसागत."

"मग बाजूला काढ."

मला वाटलं मेंढराचं बोलाल्यात. मी म्हनलं, "कुनाला बाजूला काढायचं, आप्पा?"

"दर्शीला. रोग सुटलाय न्हवं वस्तीत? पांढऱ्या डोळ्याच्याला पयला धरतो. मग त्येच्याकडनं सगळ्यांला. मी आयुष्यभर बघत आलोय."

"आरं मेंढरं बघत आलायस तू!"

"रक्त ते रक्तच की."

"मग तुला लोकर का न्हाय?"

प्रियदर्शनीला हसू फुटलं. तेच चुकलं. चिमावैनी भडकली. "हासती बघा! ये बारावी, घरात लेकरू हाय, कायतरी वाटू दे. रोग जाईस्तवर खोपटात ऱ्हायचं. भाकरी मी तितं धाडीन."

"आनि आरोही?" पोरीचं हसू तितंच वाळलं.

"ती हितं. माझ्याजवळ."

"आत्या, ती अजून अंगावर पिती ओ."

"सुटंल. मेंढराचं कोकरू सुटतंय, तिचं का न्हाय सुटायचं?"

कुमार तितंच उभा व्हता, कंपनीचा डबा हातात घेऊन. मी त्येच्याकडं बघितलं. त्येनं डब्याचं झाकन उघडलं, परत लावलं, आनि मोटारसायकलला किक मारली. असा राग आला मला, वाटलं गाडीच त्येच्या अंगावर घालावी. त्या दिवशी चहा न पिता उठलो.

आता ते खोपट कसलं, ते सांगतो. माळाच्या खालच्या अंगाला मेंढरांच्या पान्याचा सिमेंटचा हौद हाय. त्येला टेकून पत्र्याचं खोपट. वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हनून कुमारनं कंपनीच्या मागनं जुनी टायरं आनून वर टाकल्याली. टायरात पावसाचं पानी, हौदात पानी, सगळं कसं नितळ. आनि डासं? दिवसा ढवळ्या हाताला, पायाला. घरात निदान पंखा व्हता. रोगापासनं लांब ठेवायला पोरीला ह्येंनी कुटं नेऊन ठेवली, बघा!

मी दुपारची खेप झाली की तिकडं वाकडी वाट करून जायाचो. कधी केळी, कधी ब्रेड न्ह्यायाचो. पयल्यांदा गेलो तवा ती टायरातलं पानी डबड्यानं काढत व्हती.

"तात्या, ह्येच्यात आळ्या हैत बघा. शाळंत शिकिवलं व्हतं आमाला. मामांना सांगितलं, हौद एकदा रिकामा करून घासू. तर म्हनले, मेंढरं काय तुझ्या माहेरी पानी प्यायला जात्यात?"

"त्येला मी सांगतो."

"नगा सांगू. तुमी सांगितलं की आत्या माझ्यावरच निघत्यात." मग जरा थांबून म्हनली, "आरोहीचं रडं हितवर ऐकू येतं. भुकेचं कुठलं आनि झोपंचं कुठलं, सगळं कळतं. पन जायाचं न्हाय."

मी केळी तिच्या हातात दिली.

"तात्या, एक इचारू? त्या डॉक्टरीनबाईला तुमी गाठाल का? रक्त असं असलं की डेंगी आधी धरतो का, एवढंच इचारा. मलाबी आता वाटायला लागलंय, माझ्यातच काय तर असंल. आत्या म्हनत्यात, हिला ताप आला तर खरं धरायचं. मग मला माहेरी धाडनार, कायमची. आनि आरोहीला ठेवून घेनार."

"असं कोन म्हनलं?"

"मामा. आनि ह्ये बी गप बसले."

बघा आता. मानसाला दिवसभर डासात बसवायचं आनि म्हनायचं, ताप आला तर तुझं रक्त वाईट. हा कुठला न्याय? मी म्हनलं, "इचारतो. उद्याच इचारतो." पन गाडीचा क्लच गेला, गॅरेजात आडकलो, आनि माझ्या इचारायच्या आधीच ताप आला.

कुनाला आला? शिवप्पाला!

लाल डोळ्याचा, लाल रक्ताचा, साठीतबी एका हातानं बकरं उचलनारा शिवप्पा. रोज सांजच्याला हौदाच्या कट्ट्यावर बसून मेंढरांना पानी पाजायचा, तंबाखू मळत. चावली की डासं त्येलाबी. हाडं मोडल्यागत अंग दुखाय लागलं, डोळ्यामागं ठनका, गडी बाजंवर कन्हायला लागला. मला वाटलं, चला, आता तरी ह्येंचे डोळे उघडतील. दुसऱ्या दिवशी प्रियदर्शनीला ताप चढला. आनि चिमावैनी काय म्हनली असंल?

"बघा! हिनंच दिला त्येंला!"

मी म्हनलं, "वैनी, त्येला आधी आला की ओ!"

"हिच्या आतच असनार तो. दाखविला न्हाय हिनं. बारावी शिकल्याली हाय, आतल्या गाठीची."

आता ह्याला काय बोलायचं तुमीच सांगा. आधी सासऱ्याला, मग सुनेला, तरी दिला कुनी? सुनेनं!

दोघांनाबी गाडीत घातलं. त्या दिवशी दुसरी शिटं घेतली न्हाईत, सरळ सोलापूर. शिवप्पा पुढं माझ्याशेजारी, वैनी मधी, प्रियदर्शनी मागं एकटी. वैनीनं पदर नाकाला लावून काच खाली केली. पोरगी मागं थंडीनं कुडकुडायलीय, आनि ही काच खाली करतीय. मी गाडी बाजूला घेतली, उतरलो, काच वर केली, म्हनलं, "काच खाली झाली तर गाडी हितंच उभी ऱ्हाईल. दादल्याला खांद्यावर घेऊन जावा मग." तवा गप बसली.

दवाखान्यात गर्दी ही एवढी. पन तीच डॉक्टरीनबाई गावली, देवानं धाडल्यागत. रक्त काढलं दोघांचं. दोघांनाबी डेंगीच. प्रियदर्शनीनं पडल्या पडल्या पयलं काय सांगितलं, तर, "म्याडम, मला थॅलेसेमिया मायनर हाय."

बाई म्हनली, "बरं झालं सांगितलंस. तुझं रक्त नेहमीच कमी दिसतं, ते मला माहीत असलेलं चांगलं. नाहीतर उगाच घाबरलो असतो, किंवा वेगळीच औषधं दिली असती."

मी ती संधी सोडीन व्हय? वैनीला दंडाला धरून म्होरं आनली आनि इचारलं, "बाई, ह्येंच्या समोर सांगा. हिचं रक्त असलं हाय, म्हनून हिला डेंगी आधी धरतो का?"

"कोण म्हणालं?"

"हितं पडलाय तो. तुमच्या उजव्या हाताला."

शिवप्पा सलाईन लावून पडलेला. तसल्या तापातबी त्येनं सांगितलं, पापनी कशी वडायची, पांढरं दिसलं की कसं बाजूला काढायचं. मेंढराचं बोलताना त्येच्या अंगात जोर येतो. बाईनं सगळं शांत ऐकून घेतलं.

"आजोबा, मेंढराचा डोळा कशानं पांढरा होतो?"

"जंत व्हत्यात. रक्त पित्यात."

"म्हणजे ते आधीच आजारी असतं, म्हणून पांढरं होतं. बरोबर? ही आजारी नव्हती. ही जन्मापासून अशीच आहे. काही काही रक्ताचे आजार असतात, त्यात पांढऱ्या पेशी कमी असतात, तशा माणसाला जंतू लवकर धरतात, हे खरं आहे. पण हिचं ते नाही. हिचा फरक तांबड्या पेशीत आहे. डेंगीचा डास चावला की तुम्हाला होतो तसा हिला होतो. डास रक्ताचा रिपोर्ट बघून चावत नाही."

"पन हिच्याकडनं मला..."

"ताप आलेल्या माणसाला डास चावतो आणि मग तोच डास दुसऱ्याला चावतो. माणसाकडून माणसाला असा लागत नाही. वस्तीत आधी कुणाला होता?"

"मल्लेशच्या पोराला," मी म्हनलं.

"मग झालं. तुम्ही दोघं दिवसाचे कुठं बसत होता?"

मी सांगितलं. हौद सांगितला, टायरं सांगितली, खोपट सांगितलं. तान्ही पोर आईपास्नं तोडली तेबी सांगितलं. वैनी मला मागनं चिमटं काढत व्हती. बाईचा चेहरा बदलत गेला. म्हनली, "रोगापासून वाचवायला डासांच्या घरात ठेवलीत? बाळाला आईचं दूध चालतं यात. मच्छरदाणी लावा, दूध तोडू नका." आनि पुढच्या खाटंकडं गेली. एवढ्यावर मला वाटलं, भांडन मिटलं.

मिटतंय कुटलं!

पुढच्या दिवसांत शिवप्पाच्या पेशी भराभरा उतरल्या. हिरड्यातनं रक्त आलं गड्याच्या. डॉक्टर लोक रातंदिस त्येच्या उशाला. मी बी घाबरलो, खोटं कशाला बोलू, भाऊ हाय माझा. पाव्हनं किवी आनत व्हतं, डाळिंबं आनत व्हतं. आनि प्रियदर्शनी, ती पांढऱ्या डोळ्याची, खोटीच्या रक्ताची, तिचा ताप उतरला, तिच्या पेशी फार उतरल्याबी न्हाईत, ती उठून बसली. आनि बसून काय केलं? शेजारच्या वार्डात जाऊन सासऱ्याला ओआरएस पाजाय लागली. वैनीला झोप लागली की ही घोट घोट पाजायची. शिवप्पा प्यायाचा. डोळं मिटून प्यायाचा, म्हंजी कोन पाजतंय ते बघायला नगं.

मग मला म्हनली, "तात्या, आरोहीला आना. बाईंनी सांगितलंय, चालतंय. मला आजच पायजे ती."

मी वस्तीवर गेलो. कुमार पोरीला काखंत घेऊन अंगनात येरझाऱ्या घालत व्हता, रडून रडून पोरीचा आवाज बसलेला. मी गाडीतनं उतरायच्या आधीच सुरू केलं. "कुमार, तू त्या पोरीचा नवरा हाईस का घरचा पावना? डॉक्टरीनबाईनं तुझ्या तोंडावर सांगितलं व्हतं का न्हाय, आजार न्हाय म्हनून? ते घरात का सांगितलं न्हाईस?"

"काका, आईला समजत न्हाय त्यातलं."

"तुला समजलं व्हतं की! तू समजून गप बसलास. तुझ्या आईपेक्षा तूच लबाड."

त्येचे डोळे भरले. मला काय दया आली न्हाय. म्हनलं, "रडायचं ते गाडीत रड. पोर घे, बस."

दवाखान्यात पोचलो तर वऱ्हांड्यात प्रियदर्शनी पिशवी भरून उभी. तिला सुटी झाली व्हती. आनि समोर चिमावैनी वाट अडवून. "मी पावन्यांस्नी फोन केलाय. तुझा बाप येतोय न्यायला. शब्द तो शब्द. ताप आला की माहेरी जायाचं, असं ठरलं व्हतं."

"तुमी ठरविलं व्हतं, आत्या."

"आनि पोर..."

तेवढ्यात पोरीनं आईला बघितलं. कुमारच्या काखंतनं अशी झेप घेतली की तो पडता पडता वाचला. प्रियदर्शनी तितंच भिताडाला टेकून खाली बसली, पदर घेतला, आनि पोर चिकटली.

प्रियदर्शनी बसल्या बसल्या म्हनली, आवाज न चढवता, "बाबांना मीच फोन केलाय, येऊ नगा म्हनून. मी माझ्या घरी चाललेय, आत्या. मधल्या खोलीत झोपनार, आरोहीला घेऊन. ज्याला माझ्या रक्ताची भीती वाटतीय त्येनं खोपटात ऱ्हावं. मी भाकरी धाडत जाईन."

"कुमार, ऐकतोयस का?" वैनी वरडली.

कुमारनं पिशवी उचलली. म्हनला, "ऐकतोय. हौद मी आज फोडनार हाय. मेंढरांना बादलीनं पाजू, आनि रोज बादली पालथी." एवढंच बोलला. पन बोलला.

वैनी तरातरा शिवप्पाच्या खाटंकडं गेली. मी मागनं. "ऐका ओ, तुमी काय तर बोला! घर तुमचं हाय का तिचं?"

शिवप्पा सुकून निम्मा झालेला. मग म्हनला, "ऱ्हाऊ दे तिला घरात. पोर तिच्याजवळ दे."

आता तुमी म्हनाल, झालं की मग, येडूचा राग गेला असंल. न्हाय गेला! 'ऱ्हाऊ दे' म्हंजी काय? उपकार करतोस व्हय? मी त्येला तितंच धरलं. "आप्पा, तिला बोलावतो. चुकलो म्हन."

"कुनाला?"

"सुनेला."

"सुनेला?" असं बघितलं माझ्याकडं, जसं मी त्येला लंगोट काढायला सांगितला.

आता गडी बरा झालाय, मेंढरामागं जातोय. प्रियदर्शनी मधल्या खोलीत हाय, आरोही चालाय लागलीय. चिमावैनी अजून पावन्या-रावळ्यात सांगती, आमच्या दर्शीच्या रक्तात खोट हाय म्हनून, पन आवाज जरा बारीक झालाय. मी मातुर सोडलं न्हाय. रोज मोहोळला जाताना माळाच्या कडंला गाडी उभी करतो. गाडीतली शिटं बोंबलत्यात, तात्या उशीर व्हतोय. मी काचतनं वरडून इचारतो, "आप्पा, म्हनलास का?"

तो मेंढरं मोजाय लागतो.

मी हॉर्न वाजवतो.